सामाजिक शास्त्रांतलं संशोधन लोकांच्या काय कामाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन गावात किंवा वस्तीत गेलं, की आम्ही काही विचारायच्या आधी लोकच आम्हाला विचारतात. वर्गात विद्यार्थी विचारतात, प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात. हे सगळे प्रश्न रास्त आहेत. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत, कारण या बाबतीत आपल्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

तुम्ही नेमकं करता काय?

माणसं कशी कमावतात, कुठे कर्ज काढतात, मुलगी शाळा का सोडते, योजना कागदावरून घरापर्यंत पोहोचते का, हे पद्धतशीरपणे पाहतो. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, समाजकार्य अशा विषयांचे लोक हे काम करतात.

‘घरात माणसं किती?’ हा सगळ्यात सोपा वाटणारा प्रश्न घ्या. एका घरात तीन भाऊ राहतात. सातबारा अजून वडिलांच्या नावावर, रेशनकार्ड एकच, पण चुली तीन. त्यातल्या एकाचा थोरला मुलगा चाकणला कंपनीत आहे, पैसे पाठवतो, गणपती-दिवाळीला येतो. त्याला धरायचं की नाही? म्हणून आम्ही विचारतो, ‘एका चुलीवर जेवणारी माणसं किती?’ आणि वर्षातले किती महिने, तेही विचारतो. इथे चूक झाली, तर पुढचा दरडोई उत्पन्नाचा आकडाच चुकतो. धाकट्या भावाची ओढाताण थोरल्याच्या बागायतीत झाकली जाते आणि सरकारदरबारी ते घर ‘सुस्थितीतलं’ ठरतं. अशा बारीकसारीक गोष्टींतच आमचा बहुतेक वेळ जातो, आणि तो जायलाच हवा.

यातून प्रत्यक्षात कधी काही बदललं आहे का?

बदललं आहे. त्यासाठी पुण्यातल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेकडे पाहावं लागेल. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाच्या आधाराने ती उभी राहिली. आज तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांच्या काळात वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब मांडला गेला, पुणे शहराची घरोघरची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. तोपर्यंत शेतकऱ्याच्या तोट्याबद्दल भाषणं पुष्कळ होत. बियाणं, बैल, घरच्या माणसांची मजुरी असा खर्च एकेका खात्याला मांडून पाहण्याची चाल नव्हती.

त्याच गाडगिळांचा अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीत सहभाग होता. ही पाहणी रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये केली. ७५ जिल्हे, ६०० गावं, सव्वा लाखाहून अधिक कुटुंबं. शेतकरी कर्ज कुठून काढतो, हे तिथे पहिल्यांदा देशपातळीवर आकड्यांत दिसलं. धंदेवाईक सावकारांकडून ४४.८ टक्के, शेतकरी-सावकारांकडून २४.९ टक्के. सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के. म्हणजे बँक नावाची वस्तू खेड्यासाठी नव्हतीच. अहवाल १९५४ मध्ये आला. त्यातल्या शिफारशीला धरून इम्पीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली, १ जुलै १९५५ रोजी. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचं बंधन तिच्यावर घातलं गेलं. तालुक्याच्या गावी स्टेट बँकेची जी जुनी शाखा असते, तिच्या मागे ही पाहणी आहे.

पुढे १९६९ मध्ये गाडगिळांच्याच अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने सुचवलं, की बँकांनी आपापल्या सोयीने शाखा उघडण्यापेक्षा जिल्हा हा घटक धरून काम करावं. त्याच वर्षाच्या अखेरीस, एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर टाकणारी अग्रणी बँक योजना आली. आज खरिपाच्या तोंडावर जिल्हाधिकारी बँकांची बैठक घेतात, पीककर्जाचं उद्दिष्ट ठरतं, अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला धारेवर धरलं जातं, त्याचं मूळ इथे आहे. कर्ज वेळेवर मिळत नाही ही तक्रार आजही खरी आहे. पण ती कुणापुढे मांडायची, एवढं तरी आता ठरलेलं आहे.

अभ्यासकाने अहवाल द्यावा आणि गप्प बसावं, की मैदानात उतरावं?

यावर आमच्यात मतभेद आहेत. माझं मत सांगतो. गाडगीळ तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या लोणीला गेले. विठ्ठलराव विखे पाटील आणि तिथले शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा करत होते, तेव्हा त्याचं अध्यक्षपद या प्राध्यापकाने स्वीकारलं आणि ते बरीच वर्षं सांभाळलं. १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. शेअरची रक्कम गोळा करणं, बँकेची हमी, उसाचा भाव, कामगारांचं वेतन यांत ते स्वतः होते. पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाल्यावर राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं सूत्र त्यांनी दिलं, ते ‘गाडगीळ सूत्र’ म्हणूनच ओळखलं जातं. हा माणूस नुसता दिल्लीत बसून लिहिणारा असता, तर त्याच्या सूत्राला एवढं वजन आलं असतं असं मला वाटत नाही. मात्र मैदानात उतरलेल्या अभ्यासकाने आपले आकडे दुसऱ्यांना तपासायला खुले ठेवले पाहिजेत. ती अट सोडली, की तो एका बाजूचा वकील होतो.

रोजगार हमी योजना संशोधनातून आली, हे खरं का?

अर्धं खरं. योजनेचं श्रेय वि. स. पागे यांचं. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी ती कल्पना मांडली, लावून धरली, आणि सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा आधी प्रयोग झाला. त्याच सुमारास, जानेवारी १९७१ मध्ये, गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा त्यांचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक (कॅलरी) मिळतील एवढं अन्न ज्या खर्चात येतं, त्या खर्चाच्या खाली किती लोक आहेत, हे त्यांनी काढलं. जमीन वाटून हा प्रश्न सुटणार नाही, तेवढी जमीनच नाही, म्हणून मागेल त्याला सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते सर्वांना पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्यानंतर गरिबीवर बोलताना ‘किती?’ हा प्रश्न टाळणं कुणालाच जमेना.

मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडायला, पाझर तलावांवर, नालाबांधावर लाखो माणसं आली. १९७५ मध्ये रोजगार हमीच्या खर्चासाठी व्यवसाय कर लागू झाला, १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. महाराष्ट्रात नोकरी करत असाल, तर आपलं पगारपत्रक काढून पाहा. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हाच कर. शहराच्या पगारातून खेड्यातल्या मजुरीची सोय करण्याची ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते.

संशोधकांचं काम तिथे संपलं नाही. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी १९८० मध्ये योजनेच्या पाहणीवर लिहिलं आणि कामावर येणारी माणसं खरोखर गरीब घरांतलीच आहेत, हे दाखवलं. कुमुदिनी दांडेकरांनीच १९८३ मध्ये या योजनेने बायकांना काय मिळालं याचा स्वतंत्र अभ्यास केला. २००५ मध्ये देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा हाताशी महाराष्ट्राचा तीन दशकांचा अनुभव होता आणि त्याची लेखी मोजदादही होती. ती मोजदाद नसती, तर ‘हे जमणार नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर देणं अवघड गेलं असतं.

विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाचा आकडा कुणी काढला?

पुन्हा वि. म. दांडेकर. आमच्या भागावर अन्याय होतो, ही तक्रार जुनीच होती. १९८३ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. रस्ते, सिंचन, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची आणि प्रत्येक जिल्हा तिच्यापासून किती मागे आहे, ते रुपयांत मांडायचं, अशी पद्धत. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष, म्हणजे ही सगळी तूट, निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपये. पुढे १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली, नंतरच्या समितीने अनुशेष पुन्हा मोजला तेव्हा तो १४,००० कोटींच्या पुढे गेला होता.

अनुशेष काही भरून निघाला नाही, हे मान्यच करावं लागेल. तरीही विधानसभेत एखादा आमदार उभा राहून आपल्या जिल्ह्याचा सिंचनाचा अनुशेष आकड्यानिशी मागतो, तेव्हा त्याच्या हातातलं हत्यार विद्यापीठीय शिस्तीतून आलेलं असतं. त्यातून निष्कर्ष चुकीचे निघतात असं म्हणायचं असेल, तर समोरच्याला पद्धत खोडून काढावी लागते; नुसता आवाज चढवून भागत नाही.

कायदा झाला की झालं. मग अभ्यास कशाला?

१९४८ च्या मुंबई कूळकायद्याची गोष्ट पाहा. कागदावर कुळांना, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना, मोठं संरक्षण होतं. दांडेकर आणि खुदानपूर यांनी प्रत्यक्ष काय घडलं ते तपासलं. त्यांचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. दप्तरात जागोजाग नोंदी होत्या की कुळाने स्वेच्छेने जमीन सोडली. इतक्या माणसांनी पोटापाण्याची जमीन खुशीने सोडावी, यावर कोण विश्वास ठेवील? जमिनीचे व्यवहार आणि कुळं काढण्याचे प्रकार कायदा नसल्यासारखेच चालू होते, हा त्यांचा निष्कर्ष. तलाठ्याच्या वहीत काय आहे आणि बांधावर काय आहे, यांतलं अंतर दाखवणं हे आमचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, असं मी मानतो. ते अंतर सरकारच्या आपल्या कागदांतून कधीच दिसत नाही.

पण अहवाल धूळ खात पडतात, त्याचं काय?

पडतात. डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली, ती १९६९ मध्ये छापली गेली. कोयनेची वीज आपण सगळ्यांनी वापरली. ज्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली, ती माणसं सातारा-सांगलीपासून ठाणे-रायगडपर्यंत विखुरली. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा व्हायला १९७६ उजाडलं, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्यांना जमिनीसाठी ठिय्या आंदोलनं करावी लागली. हा दोष पाहणीचा नव्हता. ज्यांनी वाचायला हवं होतं त्यांनी वाचली नाही, आणि ज्यांच्याबद्दल होती त्यांच्यापर्यंत ती त्यांच्या भाषेत पोहोचली नाही. पहिली गोष्ट आमच्या हातात नाही. दुसरी पूर्णपणे आमच्या हातात आहे आणि तिच्याकडे आमच्या क्षेत्राने आजवर फार दुर्लक्ष केलं आहे.

हे सगळं अर्थशास्त्राचंच चाललंय. बाकीच्या विषयांचं काय?

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे पाहा. १९८४ मध्ये तिथल्या समाजकार्याच्या लोकांनी मुंबई पोलिसांच्या यंत्रणेतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरात मार खाल्लेली बाई चौकीत येते, तेव्हा तिला ‘घरचं भांडण घरात मिटवा’ हे ऐकावं लागू नये, तिथेच एक प्रशिक्षित समाजकार्यकर्ती असावी, ही साधी कल्पना. पुढे राज्य सरकारने ते कक्ष आपलेसे केले आणि राज्यभर नेले. संकटातल्या मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही १९९६ मध्ये याच संस्थेचा क्षेत्रप्रकल्प म्हणून मुंबईत सुरू झाली.

आणि मुजफ्फरपूर. बिहार सरकारने राज्यातल्या निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण टाटा संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाला दिलं. त्यांनी ११० संस्था पाहिल्या आणि २०१८ मधल्या अहवालात १७ ठिकाणांबद्दल गंभीर इशारा दिला. त्यातलं एक मुजफ्फरपूरचं बालिकागृह. सरकारी तपासण्या तिथे आधीही झाल्या होत्या. रजिस्टरं ठीकठाक होती. या गटाने मुलींशी बोलून त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल लिहिलं. गुन्हा नोंदवला गेला, तपास सीबीआयकडे गेला, आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं. सामाजिक शास्त्राचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी सगळ्यात आधी हे सांगतो.

शंभर-दोनशे घरं पाहून अख्ख्या तालुक्याबद्दल कसं बोलता?

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात नीट ढवळलेला असेल तरच. घरं निवडण्याचा नियम आधी ठरतो आणि मग तो मोडता येत नाही. रस्त्याकाठची, चहा देणारी, ओळखीतली घरं घ्यायची नाहीत. यादीत डोंगरावरची धनगरवस्ती आली, तर तिथे चालत जायचं. घर बंद असेल तर पुन्हा जायचं. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातल्या गावांत घरोघरी कुलपं असतात. अशा वेळी राहिलेल्यांनाच विचारून ‘गावाची सरासरी’ काढली, तर ती खोटी असते. म्हणून अहवाल हाती आला, की आधी आकडे पाहू नका. पाहणी कोणत्या महिन्यात केली आणि घरं कशी निवडली, ते पाहा.

लोक खरं सांगतात का?

बहुतेक वेळा सांगतात. उत्पन्न कमी सांगतात, दारूचा खर्च लपवतात, सासूसमोर सून बोलत नाही. प्रश्न फिरवून विचारणं, बाईशी बाईने एकटीने बोलणं, दुसऱ्या नोंदींशी ताडून पाहणं, यातून बरंच सावरतं.

आम्ही तास-दीड तास उत्तरं द्यायची. आम्हाला काय मिळणार?

सरळ उत्तर: तुम्हाला स्वतःला लगेच काही नाही. घरकुल नाही, अनुदान नाही, यादीत नाव नाही. सर्वेक्षण करणारा कुणी असं आश्वासन देत असेल, तर त्याला बसू देऊ नका. हे स्पष्ट न सांगता माहिती घेणं ही फसवणूक आहे. तुम्हाला नकार द्यायचा, मध्येच थांबवायचा, एखादं उत्तर न द्यायचा पूर्ण हक्क आहे. तुमचं नाव छापलं जात नाही. ते फॉर्मवरून काढून तिथे क्रमांक घातला जातो. आणि निष्कर्ष गावाला येऊन सांगा, अशी मागणी आधीच करा. ग्रामसभेत मराठीत चार पानं वाचून दाखवणं कुठल्याही विभागाला जड नाही.

आधार क्रमांक किंवा मोबाइलवरचा ओटीपी मागितला तर?

ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. संशोधनाला त्याची गरज नसते. पासबुकाची, एटीएम कार्डाची तर नाहीच. विद्यापीठाचं पत्र आणि ओळखपत्र मागा, पत्रावरच्या विभागाला फोन लावून खात्री करा.

परिणाम दिसायला किती वर्षं लागतात?

ठरावीक नाही. पतपाहणीपासून स्टेट बँकेपर्यंत चार वर्षं. मुजफ्फरपूरला अहवालापासून निकालापर्यंत दोनेक वर्षं. रोजगार हमी देशाचा कायदा व्हायला तीन दशकांहून जास्त. म्हणून तीन वर्षांच्या प्रकल्पाला ‘परिणाम दाखवा’ असा तगादा लावणं मला चुकीचं वाटतं. त्यातून घाईचे, गोड निष्कर्ष निघतात.

मुलीला समाजशास्त्रात एमए करायचंय. नोकरी लागेल का?

अभियांत्रिकीसारखी कॅम्पसवरून नेमणूक बहुधा होणार नाही. संशोधन सहायक, स्वयंसेवी संस्था, सरकारी योजनांचं मूल्यमापन, पत्रकारिता, अध्यापन, स्पर्धा परीक्षा हे रस्ते आहेत. सुरुवातीचा पगार बेताचा आणि पदं बऱ्याचदा कंत्राटी. तिला संख्याशास्त्राची भीती वाटत असेल, तर ती पहिल्याच वर्षी घालवायला सांगा. आकडे आणि माणसांशी बोलणं, दोन्ही येणारे लोक फार कमी आहेत आणि त्यांना काम मिळतं. जाऊ द्या तिला.

हे अहवाल वाचायला कुठे मिळतात?

पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. विद्यापीठाच्या आणि विषयाच्या नावाने शोधता येतं. गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय पुण्यात आहे, जुन्या पाहण्या तिथे आहेत. तुमच्या तालुक्यावर काम झालं आहे का, हे जवळच्या विद्यापीठाच्या विभागात जाऊन विचारा. बहुतेक अहवाल इंग्रजीत असतात. अशा वेळी विभागप्रमुखांच्या नावे साधा अर्ज लिहून मराठी सारांश मागा, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर असेल तर उत्तम, आणि अर्जाची पोच घ्या.